वाळूचा वापसा

सुग्रीव सेलूला आला तो कापसाच्या गाडीवर झोपून.

बोरीहून निघालेली बैलगाडी, घुंगरांचा एकसुरी नाद, वर चोंदून भरलेला कापूस आणि त्या कापसात रुतून पडलेला विशीतला सुग्रीव. गाडी हाकायचं काम थोरल्या भावाचं, आसारामचं. कासरा सुग्रीवच्या हाती दिला की बैल आपल्या मनानं थांबायचे, बांधाचं गवत खायचे, आणि हाकणारा ढगांकडं बघत बसलेला असायचा. रझाकारांचं वर्ष नुकतंच सरलं होतं. निजामाचं राज्य गेलं होतं, रस्त्यावर पुन्हा निर्धास्त गाड्या चालू लागल्या होत्या. लोक दोन वर्षांची राहिलेली झोप घेत होते.

"आन् हा आमचा जन्माची घ्यायलाय," आसाराम वाटेत भेटणाऱ्याला सांगायचा.

सुग्रीवला जाग आली ती एका आवाजानं. जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेपलीकडं, भिंतीआडून, कुणीतरी संथपणे लोखंड चिरत असल्यासारखा बारीक, लांबच लांब आवाज येत होता. बांधावर वारा ज्वारीच्या वाळल्या पानांतून जातो तसा. तो गाडीवरून उतरला आणि त्या आवाजाच्या मागं चालत गेला.

भिंतीपलीकडं किशनरावांचा कारखाना होता. पत्र्याच्या लांबट शेडमध्ये जिनिंगची यंत्रं, उसाचे चरक, नव्यानंच येऊ लागलेली पाण्याची इंजिनं दुरुस्त व्हायची. आढ्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी दांडा फिरत होता, त्यावरून कातडी पट्टे खाली उतरून एकेका यंत्राला फिरवत होते. एका यंत्रापाशी मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस वाकून उभा होता. त्याच्यापुढं हातभर लांबीची चकचकीत सळई होती आणि तिच्यातून लोखंडाची कुरळी बट निघून खाली पडत होती.

सुग्रीव बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "हे फिरायलंय का थांबलंय?"

त्या माणसानं मान वर केली. ते याकूब मिस्त्री होते. सेलूत त्यांच्याएवढा टर्नर दुसरा नव्हता. नातेवाईक हैदराबादेला निघून गेले तेव्हा ते एकटे मागं राहिले, कारण लोखंड तासायचा हा लेथ काही गाडीत घालून नेता येत नव्हता.

"जो बराबर फिरता ना," ते म्हणाले, "वो थमा हुआच दिखता. हलता दिसला तर समजायचं, टेढा हाय."

एवढ्या बोलण्यावर सुग्रीवचं आयुष्य वळलं. संध्याकाळी आसाराम रिकामी गाडी घेऊन दारात आला तेव्हा हा यंत्राखालचा लोखंडाचा कीस झाडूनं गोळा करत होता.

"चल की."

"मी इथंच राहतो म्हणतो."

"आन् मायला काय सांगू?"

सुग्रीवनं थोडा विचार केला. "सांग, आजून उठला न्हाई."

*

किशनरावांनी त्याला लगेच लेथवर घेतलं नाही. त्यांच्या कारखान्यात नवा माणूस आधी वस्तू वाहायचा. सुताराकडून ओतशाळेत, ओतशाळेतून लेथवर, लेथवरून फिटरकडं. किशनराव म्हणायचे, वस्तू जशी चालते तशी तिच्यामागं चालून बघा, मग सांगा तुम्हाला कुठं थांबावंसं वाटतं.

सुग्रीवला हे वस्तूंमागं चालणं फार आवडलं. वस्तूचा जन्म बन्सीधरकाकांच्या कोपऱ्यात व्हायचा. बन्सीधर सुतार सागवानाचा फर्मा करायचे. चरकाचा एखादा भाग हवा असला की आधी तो हुबेहूब लाकडात घडवायचा. हुबेहूब म्हणजे किंचित मोठा, कारण लोखंड निवताना आखडतं. काका डोळे मिटून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "निवल्यावर केवढं राहील ते बघायलोय." त्यांचं काम पुरं झालं की कुणी ते बसवायचं नाही, वापरायचं नाही. फर्मा वाळूत ठसा उमटवायचा आणि परत येऊन भिंतीवर लटकायचा.

तो ठसा घ्यायचे लिंबाजीमामा. शेडच्या मागच्या अंगाला, भट्टीजवळ, काळ्या वाळूच्या ढिगात हा माणूस दिवसभर उकिडवा बसलेला असे. भट्टीच्या भात्याच्या घरघरीनं त्यांचे कान अधू झाले होते, म्हणून ते मोठ्यानं बोलायचे आणि फार थोडं बोलायचे. फर्म्याभोवती पेटीत वाळू ठासायची, फर्मा अलगद उचलून काढायचा, आणि मागं जी पोकळी उरते तिच्यात तापलेलं लोखंड ओतायचं.

तिथून निघालेला खडबडीत भाग याकूब मिस्त्रींकडं जायचा. ते त्याला लेथवर चढवून केसाकेसानं तासायचे. आणि शेवटी माणिकराव फिटर. त्यांच्यासमोर सगळे भाग येऊन पडायचे, आणि ते भाग एकमेकांशी जमवून घ्यायचं काम त्यांचं. दोन पृष्ठं नीट बसतात का हे बघायला ते तेलात कालवलेली काजळी एकाला लावायचे आणि दुसऱ्यावर घासायचे. जिथं काळा डाग उमटे तिथं उंचवटा. तो कानशीनं काढायचा. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. इंजिन चालू झालं की सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवून दुसरं कानाला लावायचे आणि आत काय दुखतंय ते ऐकायचे.

गंमत म्हणजे यातल्या कुणाचंच दुसऱ्याशी पटत नव्हतं. माणिकराव म्हणायचे, टर्नर लोकांना आपला एकच दांडा दिसतो, तो जाऊन कुठं बसायचा हाय ते माहीत न्हाई. याकूब मिस्त्री म्हणायचे, फिटर म्हणजे कानस हातात घेतलेला वकील, दोन्ही बाजूंकडनं थोडं थोडं खातो. दोघंही मिळून ओतशाळेला नावं ठेवायचे. लिंबाजीमामांना ऐकू येत नव्हतं.

सुग्रीव लेथपाशी थांबला. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

याकूब उस्तादांनी त्याला हत्याराला धार लावायला शिकवलं, आवाजावरून लोखंड ओळखायला शिकवलं, आणि सगळ्यांत जास्त हात आवरायला शिकवलं. "एक सूत जादा रह गया तो चलता. एक सूत जादा गया तो गया. काढलेलं परत लावता येत न्हाई, बेटा." सुग्रीवला ते जमलं. ज्या पोराच्या हाती कासरा देता येत नव्हता, तो लेथसमोर मात्र तासन्‌तास जागा राहायचा. किंवा झोपेतच असायचा आणि ती झोप त्या कामाला मानवायची, असंही असेल. फिरता दांडा थांबल्यासारखा दिसू लागला की त्याला सगळं जगच त्या दांड्याभोवती सावकाश फिरतंय असं वाटायचं. पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा कवडसा, कापसाचे उडते तंतू, पलीकडच्या रुळांवरून जाणारी परभणीची गाडी, सगळं.

त्याचं लग्न झालं ते अशाच दिवसांत. कोकिळा जिंतूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. सेलूत रुळांजवळच्या एका खोलीत दोघं राहू लागली. तो रोज संध्याकाळी तिला दिवसभरात काय झालं ते सांगायचा आणि ती नीट ऐकायची. एकदा त्यानं निळसर झाक आलेली लोखंडाची लांब बट घरी आणली.

"तापल्यावर असा रंग येतो," तो म्हणाला. "आभाळाचा."

कोकिळेनं ती हातात धरून पाहिली. "आभाळ एवढं टोचत न्हाई," ती म्हणाली, पण तिनं ती दाराच्या चौकटीला अडकवली.

*

त्या दिवशी चूक कुणाचीच नव्हती. जिनिंगचा एक जुना दांडा लेथवर होता. लोखंडाच्या पोटात कुठंतरी कठीण गाठ होती, ती बाहेरून दिसत नव्हती. हत्याराचं टोक त्या गाठीवर आदळलं आणि तुटलं. टोकाचा कपचा उडाला. सुग्रीवला फक्त उजव्या बाजूला कुणीतरी एकदम दिवा मालवला असं वाटलं.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. डावा डोळा राहिला. उजवा गेला.

पट्टी सुटल्यावर तो बोरीला गेला. तानुबाईंनी, त्याच्या आईनं, त्याच्या उजव्या बाजूला बसायची सवय लावून घेतली. तिकडून कुणी आलं तर ती आधी सांगायची. पण एका डोळ्याचा माणूस कसा असतो हे त्याचं त्यालाच हळूहळू कळायला लागलं. दिसतं सगळं, पण जवळ काय आणि लांब काय हे समजत नाही. तो पेल्यात पाणी ओतायचा ते पेल्याशेजारी पडायचं. ओढा ओलांडताना दगडावर ठेवलेलं पाऊल पाण्यात जायचं. सगळं जग एखाद्या कापडावर काढल्यासारखं सपाट झालं होतं, आणि वारा आला की ते कापड हलायचं.

आसाराम म्हणाला, "रानात चल. शेत दोघांचं हाय. नांगराला काय, एक डोळा बास."

तो गेला. पेरणीआधीचे दिवस होते, दोन पाऊस होऊन गेले होते. आसाराम रोज सकाळी मातीचा मूठभर गोळा हातात दाबायचा आणि सोडायचा. चिकट राहिला तर वापसा नाही. हाताला न लागता गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर मोकळा फुटला, तर वापसा आला, पेरायला हरकत नाही. सुग्रीवही दाबून पाहायचा. लहानपणापासून केलेलं हे काम, त्याला डोळा लागतच नव्हता. पण पेरताना तिफण सरळ धरता येईना. ओळी एकमेकींत शिरायला लागल्या. आसारामनं मागून येऊन तिफण हातात घेतली.

त्या संध्याकाळी कोकिळा त्याच्यापाशी येऊन बसली.

"आवं, आपुन सेलूला जाऊ."

"तिथं काय करू?"

"इथं काय करायलात? भाऊजी तुमच्या मागं मागं वळी नीट करीत हिंडायलेत. तिथं निदान कारखान्याचा आवाज हाय. तो ऐकला की तुमी जागे राहता."

"आन् काम?"

"मी बी करीन. वाळू चाळायला बाया घेतेत तिथं, मी पाह्यलंय."

तानुबाईंना हे पसंत नव्हतं. आपल्या घरची सून परक्याच्या आवारात वाळू चाळणार, हे त्यांना सहन होईना. कोकिळेनं वाद घातला नाही. तिनं सासूच्या पायावर डोकं ठेवलं आणि बोचकं बांधलं.

*

सुग्रीव सरळ लेथपाशी गेला. याकूब मिस्त्री काम थांबवून पुढं आले, त्यांनी त्याला छातीशी धरलं, आणि मग त्याच्या आणि लेथच्या मधे उभे राहिले.

"नक्को."

"उस्ताद, मी हळूहळू..."

"तेरेकू जमेगा, मालूम है. सवाल वो न्हाई." त्यांनी हात आडवा धरला. "अल्लानं एक डोळा ठेवला. तो मी यंत्रासमोर ठेवू देणार न्हाई. मेरे जीते जी नहीं."

सुग्रीव बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला. मिस्त्रींच्या मायेचा त्याला जेवढा राग आला, तेवढा त्या कपच्याचाही आला नव्हता.

किशनरावांनी त्याला फाटकावर बसायचं काम देऊ केलं. माणिकरावांनी मधे पडून त्याला आपल्याकडं नेलं, छिन्नी-हातोडा दिला. हातोडा छिन्नीवर न बसता अंगठ्यावर बसू लागला. अंगठा काळा पडला तेव्हा माणिकरावांनीच हातोडा काढून घेतला. बन्सीधरकाकांनी फर्म्यांना रंग द्यायला सांगितलं, ते काम जमलं, पण ते काही रोजचं काम नव्हतं. असा तो कारखान्यात इकडून तिकडं वाहत राहिला, एखाद्या अर्धवट भागासारखा.

कोकिळा मात्र पहिल्या दिवसापासून ओतशाळेत रुळली. दुधना नदीच्या काठून आणलेली वाळू ती चाळायची, जुनी जळकी वाळू फोडून तिच्यात मिसळायची. एके दिवशी दुपारची भाकरी घेऊन सुग्रीव तिच्याजवळ जाऊन बसला. बसल्या बसल्या त्यानं सवयीनं वाळूची मूठ भरली, दाबली, टिचकी मारली. गोळा मोकळा फुटला.

"वापसा आलाय," तो म्हणाला.

लिंबाजीमामा पलीकडं पेटी ठासत होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, पण त्यांनी हात पाहिला होता. ते उठून आले, त्याच्या मुठीतली वाळू आपल्या मुठीत घेतली, दाबली आणि मोठ्यानं म्हणाले, "लय वली हाय. शेताचा वापसा येगळा, पेटीचा येगळा. शेतात बी टाकायचंय, पेटीत आग."

मग त्यांनी त्याला पेटीपाशी बसवलं.

"मामा, मला नीट दिसत न्हाई," सुग्रीव त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला.

"पेटी बंद झाल्यावर कुणाला दिसतंय?" मामा म्हणाले. "लोखंड आत अंधारात पळतंय. मला पन दिसत न्हाई. चल, धर."

*

ओतकाम शिकायला त्याला पुढली काही वर्षं लागली, आणि ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत शांत वर्षं होती. लेथवर त्याचं सगळं लक्ष डोळ्यांत गोळा व्हायचं. इथं ते बोटांत, तळव्यांत, गुडघ्यांत पसरलं. वाळू सैल ठासली तर लोखंड तिला खरवडून नेतं. फार गच्च ठासली तर वाफेला वाट मिळत नाही. फर्मा उचलण्याआधी त्याच्या कडेनं पाण्याचा ओला बोळा फिरवायचा, म्हणजे कडा ढासळत नाहीत, पण तोही इतकाच, की वाळूला कळेल आणि लोखंडाला कळणार नाही. फर्मा उचलताना मामा श्वास धरायचे. सुग्रीवही धरायला शिकला.

जिथं भागाच्या पोटात भोक हवं असे, तिथं पेटीत वाळूचा गाभा ठेवावा लागायचा. ते गाभे कोकिळा करू लागली. वाळूत घोड्याची लीद आणि थोडी काकवी कालवून ती ते वळायची आणि भट्टीच्या उबेला भाजायची. तिच्या हाताला कायम काकवीचा गोड-जळका वास यायचा. त्यांना मुलगी झाली, दैवशाला, तिच्या दुपट्यालाही तोच वास होता.

भट्टी पेटायची त्या दिवशी सगळा कारखाना मागं जमायचा. सकाळी कोकचा कोळसा पेटवायचा, दुपार कलताना लोखंड पातळ व्हायचं. मामा आणि सुग्रीव दोन टोकांना लांब दांडीचं भांडं धरून पेट्यांवरून चालायचे आणि ओतायचे. पेटीच्या वरच्या बारीक छिद्रांतून कोंडलेला वायू बाहेर पडून पेट घ्यायचा. काळ्या वाळूवर निळ्या निळ्या ज्योती उगवायच्या, थरथरायच्या, आणि एकेक करून विझायच्या. सपाट झालेलं जग सुग्रीवला तेवढ्यापुरतं खोल वाटायचं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढल्या वर्षाची गोष्ट. दिवाळी झाली होती, कापूस यायला लागला होता, आणि शेजारच्या जिनिंगचं पट्ट्याचं मुख्य चाक तडकलं. पुरुषभर उंचीचं ते चाक मुंबईहून मागवलं असतं तर हंगाम सरला असता. गाड्या आवारात तटून राहिल्या. जिनिंगचे लोक किशनरावांकडं आले. एवढी मोठी वस्तू या कारखान्यात कधी ओतली नव्हती. किशनरावांनी चौघांना बोलावलं, लिंबाजीमामांना खुणेनं समजावलं, आणि सगळे कामाला लागले.

बन्सीधरकाका फर्मा करायला बसले आणि भांडण लागलं. चाकाच्या मधल्या भोकाचं माप कुणाचं धरायचं?

"दांडा झिजलाय," माणिकराव म्हणाले. "जुन्या मापानं भोक केलं तर चाक डुलंल. मी दांडा मोजतो."

"तुम्ही दांडा मोजणार, आन् मधी फटीएवढा गाळा ठेवणार," मिस्त्री म्हणाले. "मग डुलला की म्हणणार, टर्नरनं बिघडवला."

"गाळा न ठेवता चाक चढवून दाखवा."

"तुम्ही कानस न वापरता एक काम करून दाखवा."

शेवटी काकांनी भोक मुद्दाम लहान ठेवायचं ठरवलं. ओतून आल्यावर मिस्त्री तासतील, आणि माणिकराव शेजारी उभे राहून बघतील. दोघांनाही हे आवडलं नाही, म्हणजे ते बरोबर असणार, असं काका म्हणाले.

पेटीत एवढं चाक मावेना, म्हणून ओतशाळेच्या जमिनीतच खड्डा करून वाळू ठासली. लिंबाजीमामांचे गुडघे आता वाकत नव्हते. ठासणं, छिद्रं पाडणं, फर्मा उचलायची तयारी, सगळं सुग्रीवनं केलं. चाकाच्या मधल्या जाड भागापाशी आल्यावर त्याला भीती वाटली. तिथली कड ढासळली तर सगळं गेलं. त्यानं ओला बोळा एकदा फिरवला. मग आणखी एकदा फिरवला.

लोखंड ओतलं. ज्योती उगवल्या आणि विझल्या. चाक वाळूत निवू दिलं आणि उकरून काढलं, तेव्हा ते काळं, गोल आणि सुंदर दिसत होतं. जिनिंगचे लोक येऊन त्याला हात लावून गेले.

मिस्त्रींनी ते मोठ्या लेथवर चढवलं. मधलं भोक तासायला घेतलं आणि काही वेळानं लेथ थांबवला. त्यांनी सुग्रीवला बोलावलं, त्याचं बोट धरून भोकाच्या आत नेलं. तासलेल्या गुळगुळीत लोखंडात हरभऱ्याएवढा खड्डा होता, आणि तो आत वाकडा जात होता.

माणिकरावांनी वाकून बघितलं. "एवढंच ना? मी तिथं आटे पाडून लोखंडाचा डाट मारून खड्डा बुजवतो आन् कानशीनं बसवतो. कुणाच्या बापाला कळणार न्हाई."

"पट्टा चढल्यावर कळेल," मिस्त्री म्हणाले.

"असे डाट मारून मी इंजिनं चालवलीत."

"इंजिन फुटलं तर थांबतं. चाक फुटलं तर उडतं. वहाँ औरतें रुई चुनती बैठती हैं."

माणिकराव चाकापासून मागं सरले. त्यांची बायकोच जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची.

लिंबाजीमामांना कुणीतरी खड्डा दाखवला. ते म्हणाले, "खड्डा माझा. ओतशाळा माझी."

"न्हाई मामा," सुग्रीव त्यांच्या कानाशी म्हणाला. "पानी मी जास्त लावलं, त्याची वाफ कोंडली. भ्यालो."

बाहेर बैल रवंथ करत होते. सुग्रीवचं बोट पुन्हा त्या खड्ड्यात गेलं. त्याला वाटलं, आता लेथ गेला तसं हेही जाणार. फाटकावर स्टूल वाट बघत असेल.

याकूब मिस्त्रींनी त्याचा हात बाहेर काढला आणि आपल्या फडक्यानं त्याचं बोट पुसलं.

"सुन," ते म्हणाले. "माझ्याकडनं जास्त गेलं तर गेलं. मी ते परत लावू शकत न्हाई. माणिकराव जोडून घेतात, त्यांचं कामच ते. पण तुझं तसं न्हाई. तेरी गलती भट्टी में जाती है, और पानी बनके आती है. जा, घण आण."

चाक खाली उतरवलं. पहिला घाव सुग्रीवला घालायचा होता, पण एका डोळ्यानं नेम लागेना. कोकिळा पुढं आली, तिनं खडूनं चाकावर मोठी फुली काढली आणि त्याचा डावा हात घेऊन तिच्यावर टेकवला. "इथं," ती म्हणाली. त्यानं हात काढला आणि घण घातला. घंटेसारखा आवाज झाला. मग चौघांनी मिळून त्या चाकाचे तुकडे केले, आणि ते तुकडे भट्टीत टाकले.

दुसऱ्या खेपेला त्यानं बोळा एकदाच फिरवला. मामा शेजारी बसून होते, त्यांनी हात लावला नाही. काकांनी फर्मा उचलायला दोर धरला, माणिकराव कधी नव्हे ते ओतशाळेत येऊन दुसऱ्या दोराला उभे राहिले. फर्मा वर आला. कड जागच्या जागी होती. सुग्रीवनं खाली वाकून त्या गोल पोकळीकडं बघितलं. अजून काहीच नव्हतं तिथं, आणि तरी चाक पुरं झालं होतं.

या वेळी लेथ मधे थांबला नाही. भोक तासून झालं, माणिकरावांनी खाच पाडली, चाक दांड्यावर चढवलं. किंचित गाळा राहिला होता, तो माणिकरावांनी पाचर मारून घालवला आणि मिस्त्रींनी तिकडं पाठ केली. पट्टा चढला. चाक फिरू लागलं, आधी आरे दिसत होते, मग ते विरघळले, आणि हवेत फक्त एक करडं वर्तुळ स्थिर उभं राहिलं. गाड्या पुढं सरकल्या.

*

लिंबाजीमामा त्या उन्हाळ्यानंतर गावी गेले आणि परत आले नाहीत. ओतशाळा सुग्रीवची झाली. याकूब मिस्त्री थकले तेव्हा हैदराबादहून त्यांची मुलगी न्यायला आली. स्टेशनवर सुग्रीव त्यांचं बोचकं घेऊन गेला. गाडी यायला वेळ होता. दोघं बाकावर बसून राहिले.

"उस्ताद, मी त्या दिवशी तुमच्यावर लय रागावलो होतो. लेथपासनं हटवलं तवा."

"मालूम है."

"आता न्हाई."

"वो भी मालूम है," मिस्त्री म्हणाले आणि रुळांकडं बघत राहिले.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी गावात पताका लागल्या होत्या, पण पाण्याच्या पंपांचे भाग द्यायचे होते म्हणून ओतशाळा चालू होती. लोखंड ओतून झालं होतं. आता निवेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. वैशाखाची दुपार, पत्रा तापलेला, वाळूच्या ढिगाखालची बाजू मात्र थंड. सुग्रीव तिथं आडवा झाला. अर्धवट झोपेत त्याला पेट्यांमधल्या लोखंडाचा आवाज येत होता, आखडत, आपल्या जागी बसत असल्याचा बारीक कुरकुरता आवाज.

जागा झाला तेव्हा कोकिळा शेजारी बसून दैवशालाची वेणी घालत होती.

"हसायलात झोपेत," ती म्हणाली.

"सपन पडलं. सपनात दोन्ही डोळ्यांनी दिसतं मला."

"काय दिसलं?"

"पेटीच्या आतलं. लोखंड यायलं होतं लांबून, नदीवानी. मी आतच उभा होतो."

"भाजलं न्हाई?"

"न्हाई. माझ्याकडनं वळसा घालून गेलं."

कोकिळेनं वेणीला दोरा गुंडाळला, गाठ मारली. मग विचारलं, "आन् मी होते का कुठं?"

"तू मधी होतीस. गाभ्याच्या जागी."

"मग बरं," ती म्हणाली, आणि उठून भाजायला ठेवलेले गाभे उलटे करायला गेली.